कपड्यांचा डाग विहिरीत उतरतो तेव्हा

निकाहची शेरवानी लाँड्रीतून घरी आली की तिच्या प्लॅस्टिकच्या आवरणातून कधी कधी एक गोडसर, औषधी वास येतो. लहान मुलांना तो आवडतो. आमच्या अम्मीला मात्र तो कधीच खपला नाही. ड्रायक्लीन होऊन आलेला कपडा ती आधी गॅलरीत टांगायची, दिवसभर त्याला वारा लागू द्यायची आणि मगच कपाटात ठेवायची. रसायनशास्त्राचा तिला गंध नव्हता; नाकाने सांगितले तेवढे तिने ऐकले आणि ते बरोबरच होते.

ड्रायक्लीनिंगमध्ये कपडा पाण्याने धुतच नाहीत. त्याऐवजी तेलकट डाग विरघळवणारे एखादे द्रावण वापरतात. आपल्याकडच्या लहान लाँड्रीत ज्याला ‘पेट्रोल वॉश’ म्हणतात, त्यात टर्पेंटाईनच्या जातीचे तेल असते. मोठ्या यंत्रांत मात्र जगभर वर्षानुवर्षे एकाच द्रावणाचे राज्य होते. त्याचे नाव परक्लोरोएथिलीन, धंद्यातले नाव ‘पर्क’. ते पेट घेत नाही, जरीला धक्का लावत नाही, डाग मात्र साफ उचलते. कपड्यावरून उचललेला डाग त्या द्रावणात जातो. पण खुद्द ते द्रावण शेवटी कुठे जाते, हा प्रश्न बराच काळ कोणी विचारला नाही.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात हुरॉन सरोवराच्या काठी ऑस्कोडा नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या बॅकमन रोडवर एक ड्रायक्लीनिंगचे दुकान होते. दुकान बंद झाले, पण पर्क मागे राहिले. गावाखालची जमीन वाळूची. त्या वाळूतून पर्क भूजलात उतरले आणि आसपासच्या घरगुती विहिरींचे पाणी बिघडले. सरकारी कागदांत या जागेचे नावच ‘बॅकमन रोडच्या निवासी विहिरी’ असे पडले. तिथे कुठला अवाढव्य कारखाना नव्हता, स्फोट झाला नव्हता. कोट, गाऊन, पडदे साफ करणारे एक साधे दुकान होते.

एक दुकान पाण्याचे एवढे काय वाकडे करणार, असे वाटेल. त्यासाठी पर्कचा स्वभाव पाहावा लागतो. पाण्यावर तेल तरंगते, पर्क बुडते. एक लिटर पर्कचे वजन सुमारे १.६ किलो भरते. त्यामुळे जमिनीवर सांडलेले पर्क भूजलाच्या पातळीवर थांबत नाही; पाणी भेदून खाली जाते आणि चिकणमातीच्या थरावर डबकी करून बसते. तिथून ते थोडे थोडे विरघळत राहते, दहा वर्षे, वीस वर्षे, त्याहूनही अधिक. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ५ मायक्रोग्रॅम पर्क चालते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हिशेब करून पाहा : फक्त एक लिटर पर्क पाण्यात सारखे पसरले, तर सुमारे ३२ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेला पोचेल. दहा हजार लिटरचे बत्तीस हजार टँकर!

आणि हे कळते कसे? मुबलक पाण्याचा रंग, वास आणि चव बदललेली नसेल तर ते पाक, ही कसोटी आपल्या घरांत मुलांना वुजू शिकवतानाच सांगितली जाते. तहारतच्या बाबतीत ती आपल्या जागी आहे. पण तब्येतीचा प्रश्न वेगळा. पाच मायक्रोग्रॅम पर्क असलेले पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, त्याला चव नसते, वासही नसतो. नाकाला वास जाणवण्यासाठी त्याच्या कित्येक पट जास्त पर्क लागते. अम्मीचे नाक शेरवानीला पुरले, विहिरीला पुरले नसते. पर्कमुळे माणसाला कर्करोग होण्याचा संभव आहे, असे कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचे वर्गीकरण सांगते. यंत्रांचे सुटे भाग धुवायला वापरले जाणारे त्याचे भावंड, ट्रायक्लोरोएथिलीन, याच्याबाबतीत तर त्या संस्थेने ‘संभव’ हा शब्दही काढून टाकला आहे.

सुरुवातीला यावर एकच उपाय ठाऊक होता. बिघडलेले पाणी पंपाने उपसायचे, कोळशातून गाळायचे किंवा त्यात हवा फुंकून रसायन उडवून लावायचे. पहिली काही वर्षे आकडे झपाट्याने खाली येतात आणि मग अडकतात. कारण पंप पाणी ओढतो, पण मातीत दबून बसलेले पर्क आपल्या चालीनेच सुटते. पंप बंद केला की आकडे पुन्हा चढतात. ओला फडका पिळून वाळत घालावा आणि खालून गळती चालूच असावी, तसे ते काम.

पर्क ‘श्वासात’ घेणारे जीव

पर्कचा रेणू तसा लहानच. कार्बनचे दोन अणू आणि त्यांना चिकटलेले क्लोरीनचे चार. सारा त्रास या चार क्लोरीनमुळे. ते एकेक करून काढून त्यांच्या जागी हायड्रोजन बसवता आला, तर चाराचे तीन होतात, तिनाचे दोन, दोनाचा एक आणि शेवटी एकही नाही. शेवटी जे उरते ते इथिलीन. हा वायू आपल्या घरात रोज तयार होतो. आढीत घातलेला आंबा पिकतो तो त्याच्याच जोरावर. पिकलेल्या केळ्याजवळ कच्चे फळ ठेवले की ते लवकर तयार होते तेही त्यामुळेच. म्हणजे विहिरीतल्या विषाचा शेवट आंबा पिकवणाऱ्या वायूत होऊ शकतो. सुटलेला क्लोरीनही मोकाट फिरत नाही. आपल्या मिठात असतो त्या क्लोराईडच्या रूपात पाण्यात राहतो.

ही उतरंड जमिनीखाली आपोआप घडते, याचा सुगावा १९८० नंतरच्या दशकात लागला. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पेरी मॅकार्टी आणि त्यांचे सहकारी टिमोथी व्होगेल यांनी दाखवून दिले की, प्राणवायू नसलेल्या जागी जीवाणू पर्कचे क्लोरीन एकेक करून काढतात. १९८९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डेव्हिड फ्रीडमन आणि जेम्स गॉसेट यांनी ही साखळी इथिलीनपर्यंत पोचल्याचे नोंदवले. पण नेमका हा उद्योग करणारा जीव कोणता? १९९७ मध्ये गॉसेट आणि स्टीफन झिंडर यांच्या गटाने त्याला वेगळे काढले. तो सापडला इथाका शहराच्या सांडपाणी केंद्रातल्या गाळात. ज्या घाणीचा थेंब कपड्याला लागला तर आपण तो कपडा तीनदा धुऊ, तिच्यातून पाणी साफ करणारा निघाला.

त्याचे नाव डीहॅलोकॉकॉइड्स. नाव उच्चारायला अवघड, पण जीव अगदी चिमुकला : एका मिलिमीटरमध्ये दोन हजार ओळीने बसतील एवढा. बहुतेक जीवाणू मिळेल ते खातात. हा अत्यंत हट्टी आहे. आपण अन्न खातो आणि प्राणवायू श्वासात घेतो. हा हायड्रोजन ‘खातो’ आणि पर्कसारखे क्लोरीनवाले रेणू ‘श्वासात घेतो’. दुसरे काही त्याला चालत नाही. प्राणवायू तर त्याला मारक ठरतो. २००५ मध्ये त्याची सगळी जनुके वाचली गेली. एवढ्याशा जनुकसंचात क्लोरीन तोडणाऱ्या विकरांची सतराच्या आसपास जनुके निघाली. क्लोरीन तोडणे हाच त्याचा पोटाचा धंदा. पुढे २०१३ मध्ये त्याला मॅकार्टी यांच्यावरून ‘मॅकार्टी’ असे जातीनाम मिळाले.

एवढे असून त्याला एकट्याला जगता येत नाही. हायड्रोजन त्याला शेजाऱ्यांकडून मिळतो. दह्यात आंबटपणा आणणारे लॅक्टिक आम्ल, उसाची मळी, सोयाबीनचे तेल, चीज करताना उरणारे पाणी असे काहीतरी जमिनीत सोडले, की इतर जीवाणू ते आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. हेच जीवाणू आधी पाण्यातला प्राणवायूही संपवून टाकतात. बी-१२ जीवनसत्त्वही त्याला दुसऱ्यांकडूनच घ्यावे लागते. म्हणून तंत्रज्ञ जमिनीत उतरवतात ती एका जीवाणूची फौज नसते, एक अख्खा मोहल्ला असतो. कोण रांधतो, कोण वाढतो, कोण साफ करतो, असे ठरलेले.

अर्ध्यावर सोडलेली सफाई

आता या कथेतला खरा धोका. ‘जीवाणू पाणी साफ करतात’ एवढ्या एका वाक्यात ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते, आणि तिथेच फसगत होते. चार क्लोरीनवरून तीन, तिनावरून दोन, इथपर्यंतची उतरंड कितीतरी जातींचे जीवाणू करू शकतात. पण दोनावरून एक आणि एकावरून शून्य, या शेवटच्या दोन पायऱ्या उतरणारे म्हणून ठामपणे ओळखले गेले ते मुख्यतः डीहॅलोकॉकॉइड्स, आणि त्याचेही सगळे वाण नव्हेत. आणि एक क्लोरीन उरलेला रेणू म्हणजे कोण? विनाईल क्लोराईड. पीव्हीसीचे पाइप ज्यापासून बनतात तो वायू. माणसात कर्करोग घडवतो हे सिद्ध झालेला. पिण्याच्या पाण्यात पर्कची अमेरिकी मर्यादा ५ मायक्रोग्रॅम, तर याची अवघी २. म्हणजे काम एका पायरीवर अडकले, तर आधी होते त्याहून वाईट पाणी पदरात पडते. शिवाय घरगुती कोळशाच्या फिल्टरला पर्क बऱ्यापैकी चिकटते. विनाईल क्लोराईड फारसे चिकटत नाही, निसटून जाते.

हे अडकणे काही पुस्तकी भय नाही. टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो इथल्या केली हवाई तळावर २००० साली एक प्रयोग झाला. जमिनीत जीवाणूंना खाद्य म्हणून मिथेनॉल आणि अ‍ॅसिटेट सोडले गेले. पर्क भराभर कमी झाले. पण गाडी दोन क्लोरीनच्या पायरीवर येऊन थांबली, कारण पुढचे काम करणारा जीव त्या मातीत नव्हताच. मग कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात एलिझाबेथ एडवर्ड्स यांच्या प्रयोगशाळेशी जोडलेले, ‘केबी-१’ नावाचे विरजण तिथे नेण्यात आले. किती? तेरा लिटर. दोन बादल्यांनाही कमीच. साधारण दोनशे दिवसांत पर्क, ट्रायक्लोरोएथिलीन आणि दोन क्लोरीनवाला तो अडेलतट्टू पदार्थ, तिन्ही ५ मायक्रोग्रॅमच्या खाली आले आणि पाण्यात इथिलीन दिसू लागले.

ऑस्कोडाच्या वाळूत गोष्ट आणखी उलगडली. तिथल्या मातीत योग्य जीव मुळातच होता, पण थोडा आणि सुस्त. मिशिगन विद्यापीठातले संशोधक आणि जॉर्जिया टेकचे फ्रँक लॉफलर यांनी दोन पट्टे आखले. एका पट्ट्यात नुसते लॅक्टेटचे खाद्य दिले. दुसऱ्यात खाद्याबरोबर प्रयोगशाळेत वाढवलेले, त्याच जमिनीतले जीवाणूही सोडले. दुसऱ्या पट्ट्यात सुमारे सहा आठवड्यांत जवळपास सगळ्या पर्कचे इथिलीन झाले. पहिल्या पट्ट्यात आधी तीन महिने काही हालचालच दिसली नाही, मग काम सुरू झाले आणि बरेचसे पार पडले. थोडक्यात, दूध गरम ठेवले तर ते कधीतरी लागेलच, पण चमचाभर चांगले विरजण घातले तर सकाळी दही मिळते. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्याच जमिनीतून जियानझोंग हे आणि लॉफलर यांनी एक वाण वेगळा काढल्याचेही जाहीर झाले. तो थेट विनाईल क्लोराईडवरच जगतो आणि वाढतो. इथाकाचा पहिला वाण शेवटची पायरी रडतखडत उतरायचा. ऑस्कोडाच्या वाणाला तीच पायरी सर्वांत प्रिय. जिथे विष पडले होते, त्याच मातीत त्याचा गिऱ्हाईकही वाढला होता.

मात्र तो चाचणीचा पट्टा होता, अख्ख्या गावाखालचे पाणी नव्हे. हा फरक वर्तमानपत्री बातम्यांत नेहमी गाळला जातो, म्हणून मुद्दाम सांगते.

मोठ्या जागेवर हे काम करायचे तर काय काय लागते, त्याची थोडी कल्पना येऊ द्या. आधी ठिकठिकाणी निरीक्षण विहिरी खोदून विष कुठवर पसरले आहे, पाणी कुठल्या दिशेने आणि किती वेगाने वाहते, हे पाहतात. पाण्याच्या नमुन्यातून जीवाणूंची जनुके मोजतात. विनाईल क्लोराईड तोडणाऱ्या जनुकाच्या एका लिटरमध्ये कोटीभर प्रती असल्या, तर काम चांगल्या गतीने चालेल असे मानतात. विरजण हवाबंद पोलादी टाक्यांतून येते, कारण वाटेत हवा लागली तर सगळे फुकट. खाद्य आंबताना पाणी आम्लधर्मी होते आणि सामूच्या मापावर ते सहाच्या खाली गेले की आपला हट्टी जीव काम टाकून बसतो. मग चक्क खायचा सोडा घालून ते सावरावे लागते. खाद्य जास्त झाले तर मिथेन तयार करणारे जीव हायड्रोजन पळवतात. कमी पडले तर पुन्हा तीच भीती, अर्ध्या पायरीवर थांबण्याची.

आणि दुष्परिणाम? आहेत. प्राणवायू संपलेल्या पाण्यात मातीतले लोह आणि मँगेनीज विरघळते, कधी अर्सेनिकही सुटते. पाण्याला काळपट रंग आणि कुजका वास येऊ शकतो. गंमत अशी की, ज्या पाण्यात विष होते ते नितळ होते आणि ज्या पाण्यातून विष जात असते ते घाण दिसते. उपचार चालू असलेल्या पट्ट्यातले पाणी कोणी पिऊ नये, हे तिथे पहिल्या दिवसापासून स्पष्ट सांगतात. लोकांना तोवर दुसरीकडून पाणी द्यावे लागते. पुढे वाहत गेल्यावर पाण्यात प्राणवायू परततो, तेव्हा लोह-मँगेनीज बरेचसे पुन्हा मातीत बसते. चिकणमातीत मुरलेले पर्क मात्र वर्षांनंतरही पाझरू शकते, म्हणून पट्टा साफ ठरल्यावरही नमुने घेणे थांबवत नाहीत.

इतके सगळे वाचून कुणी विचारील की, बाजारात सेप्टिक टँकसाठी जीवाणूंची पावडर मिळते, ती आपल्या बोअरमध्ये टाकली तर? टाकू नका. ती पावडर मैला कुजवणाऱ्या जीवाणूंची असते. पर्कशी तिचा काही संबंध नाही. आणि पिण्याच्या बोअरमध्ये सेप्टिक टँकची पावडर टाकणे म्हणजे स्वतःच्या हाताने पाणी बिघडवणे. पाणी उकळूनही भागत नाही. पर्क उडून जाते खरे, पण जाते कुठे? स्वयंपाकघराच्या हवेत, म्हणजे आपल्याच श्वासात. त्याची वाफ जमिनीतूनही वर येते आणि फरशीच्या भेगांतून घरात शिरते. म्हणून अशा जागांवर पाण्याबरोबर घरातली हवाही तपासतात.

पर्कचे दिवस आता भरत आले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ट्रायक्लोरोएथिलीनच्या सर्व वापरांवर बंदीचा आणि ड्रायक्लीनिंगमधून दहा वर्षांत पर्क हद्दपार करण्याचा नियम जाहीर केला. अर्थात जमिनीत आधीच उतरलेल्या पर्कला हा नियम लागू होत नाही. ते काम त्या हट्टी जीवाचे.

आपल्या शेजारी यंत्रांचे भाग धुणारा कारखाना, जुने ड्रायक्लीनिंगचे दुकान किंवा रसायनांचे गोदाम असेल आणि घरात बोअरचे पाणी पीत असाल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत टीडीएस, कडकपणा, क्लोराईड, जंतू एवढेच पाहतात. क्लोराईडचा तो आकडा मिठाचा असतो. त्यावरून पर्क कळत नाही. पर्क आणि त्याची भावंडे पकडायला गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचे यंत्र लागते आणि प्रयोगशाळेला ‘उडून जाणारी सेंद्रिय रसायने तपासा’ असे वेगळे सांगावे लागते. नमुन्याची काचेची बाटलीही प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या. ती भरताना धार बारीक ठेवा, पाणी गळ्यापर्यंत नव्हे तर अगदी काठोकाठ भरा, झाकण लावून बाटली उलटी करून पाहा. आत हवेचा एक बुडबुडाही दिसला तर ती पुन्हा भरा, कारण पर्क आधी त्या बुडबुड्यात शिरते. मग बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून लगेच पाठवा.